दोन सिलं वाया गेली आणि मग ब्रीदर सापडला: जांबोटीकडच्या एका जीपचं डिफरन्शियल

आधीच सांगून टाकतो, मी गॅरेजवाला नव्हे. बेळगावच्या उद्यमबागला लेथवर काम करतो, २२ वर्षं झाली, त्यामुळं सील, बेअरिंग, फिट, क्लिअरन्स हे शब्द घरचेच आहेत पण गाडीखाली आडवं होऊन पाना फिरवणं हे काय माझं रोजचं काम नाही. ही हकीकत माझ्या दाजींच्या जीपची आहे. दोन गॅरेज, तीन सिलं (फिरत्या शाफ्टच्या भोवतीनं ऑइल गळू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी), साधारण अडीच महिने आणि भरपूर डोकेफोड. पूर्ण लिहितोय कारण आमच्या खानापूर भागात अशा मागच्या चाकावर चालणाऱ्या जुन्या जीपा लई आहेत आणि पावसाळ्यात प्रत्येकाचं हेच रडगाणं असतं.

जीप २०११ ची, सात सीटर, डिझेल, केए २२ पासिंग, दीड लाखाच्या वर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. दाजींचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, मेन रस्ता सोडून दोनेक किलोमीटर आत. आत जाताना एक ओढा लागतो, त्यावर पूल नाही, नुसती फरशी टाकलेली. मलप्रभा उगवते ती कणकुंबीतच, तेव्हा तिथला पाऊस काय असतो ते या बाजूच्या माणसाला सांगायला नको. जुलै-ऑगस्टात फरशीवरून पाणी वाहतं आणि जीप त्यातून रोज दोनदा जाते, कधी कधी पाणी पार हाउसिंगला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या डब्याला लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तीच कामाला येणार आहे.

तर जून संपता संपता ताईचा फोन. "अरे अंगणात गाडीखाली काळा डाग पडूलाय, हे म्हणतात इंजिनचं ऑइल असेल, इंजिनचं तर पुढं पडायला पाहिजे ना?" ताईचं डोकं दाजींपेक्षा जास्त चालतं, हे मी लग्नापासून बघतोय. डाग मागच्या दोन चाकांच्या बरोबर मधे, थोडा पुढच्या अंगाला.

मी फोनवरच सांगितलं, बोटाला लावून वास घे. इंजिनचं ऑइल जळकट वास मारतं आणि डिझेलच्या गाडीत ते काळंकुट्ट असतं. ब्रेकचं ऑइल पातळ असतं, बोटाला पाण्यासारखं लागतं. डिफरन्शियलच्या ऑइलचा वास एकदा नाकात गेला की जन्मात विसरत नाही, कुजलेल्या अंड्यासारखा, कारण त्यात गंधकाचा मसाला घातलेला असतो. ताई म्हणाली, "शी! मेलेला उंदीर." म्हणजे झालंच निदान. अर्धं तरी.

अर्धं म्हणायचं कारण असं की बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्समधे पण तसलंच वासाचं ऑइल असतं, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सिलातनं गळलं की गाडी चालताना वाऱ्यानं ते मागं मागं जातं आणि हाउसिंगवर जाऊन बसतं, बघणाऱ्याला वाटतं डिफरन्शियलच गळतंय. म्हणून नुसता ओला भाग बघून काही कळत नाही. सगळं डिझेलनं धुवायचं, कॉटन वेस्टनं कोरडं पुसायचं, वरून घरातली टाल्कम पावडर मारायची, आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायचं. पावडर जिथं पहिल्यांदा काळी पडली ते गळतीचं मूळ. हे आम्ही केलं नाही. आळस. दाजी म्हणाले गॅरेजवाला बघेल की.

डिफरन्शियल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनपासून मागं येणारा लांब शाफ्ट लांबीत फिरतो, चाकं आडवी फिरतात, तर मधे कोन वळवायला पिनियन आणि क्राऊन असे दोन गिअर असतात. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, ते भागवायला क्राऊनच्या पोटात चार छोटे गिअर. सगळं एका बीडाच्या पोकळ डब्यात, ऑइलमधे अर्धं बुडालेलं. डब्यातनं ऑइल बाहेर यायच्या जागा मोजक्याच: पुढं पिनियन जिथं बाहेर येतो तिथलं सील, दोन्ही टोकांना चाकांच्या आत हाफ शाफ्टची (डब्यातनं चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांची) सिलं, मागच्या कव्हरचा जॉइंट, आणि ऑइल भरायचा-सोडायचा प्लग. आणि अजून एक जागा असते, तिच्यातनं ऑइल यायचं नसतं, फक्त हवा यायची असते. ती आमच्यापैकी कुणालाच आठवली नाही, मला सुद्धा नाही.

पहिलं गॅरेज हायवेच्या बाजूचं. तिथल्या पोरानं खाली बघितलं, पिनियनचं तोंड ओलं, वर बॉडीच्या तळाला ऑइलचे शिंतोडे एका ओळीत उडालेले. हे लक्षण मात्र पक्कं असतं, कारण पिनियनचा फ्लँज (लांब शाफ्ट जिला जोडतात ती चकती) गोल फिरतो आणि गळलेलं ऑइल गोफणीसारखं भिरकावतो, गिअरबॉक्सकडनं वाहत आलेलं ऑइल असली रेघ मारत नाही. म्हणजे त्यानं ओळखलं ते चूक नव्हतं. सील गेलं म्हणाला, तासाभरात बदलून देतो म्हणाला, आणि खरंच तासाभरात दिलं. साडेआठशे रुपये, ऑइल टॉपअप धरून. दाजी खुश.

तीन आठवडे अंगण कोरडं. मग परत डाग, आणि या वेळी एक नवीन तक्रार, गाडी पन्नासच्या वर गेली की मागनं 'हूं...' असा आवाज. पाय काढला की आवाज बदलतो, परत पाय दिला की परत तसाच. दाजींना वाटलं टायर. टायरचा आवाज पाय काढल्यानं असा बदलत नाही, रस्ता बदलला की बदलतो.

दुसरं गॅरेज बेळगावातलं. त्यांनी सांगितलं पहिल्यानं डुप्लिकेट सील टाकलंय. आमच्याकडं ही सगळ्यात सोपी पळवाट आहे, आधीच्यानं डुप्लिकेट टाकलं म्हणायचं की गिऱ्हाईक गप्प. ओरिजनल सील टाकलं, बाराशे घेतले. आवाजाचं काय विचारलं तर तिथला एक वयस्कर माणूस म्हणाला, "येन आगंगिल्ल तगोरी," म्हणजे काही होत नाही घ्या, आणि चहाला गेला. या वेळी बारा दिवस टिकलं. बारा दिवसच. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, ओढा भरून वाहत होता.

इथं मला पहिल्यांदा लाज वाटली. लेथवर एखादा जॉब एकदा रिजेक्ट झाला तर आपण टूल बदलतो, दुसऱ्यांदा त्याच मापात रिजेक्ट झाला तर टूल बदलत बसत नाही, मशीनच बघतो. दोन नवी सिलं एकाच जागी गेली आणि दुसरं पहिल्यापेक्षा लवकर गेलं, तर सील खराब आहे हे उत्तर कसं चालेल? सील का जातंय ते शोधायला पाहिजे. रविवारी गेलो. जाताना घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घेऊन गेलो, कारण दाजींची सवय मला माहीत आहे, ते जॅक लावून खाली चिरे रचतात. जांभा दगड घर बांधायला चांगला, गाडीखाली नको. पावसात भिजलेला चिरा दिसायला पक्का दिसतो आणि वजन आलं की कोपरा ढासळतो. यावरून आमचं भांडणच झालं. "इतकी वर्षं करतोय की," म्हणाले. म्हटलं दाजी, ताईला काय सांगू मी? मग गप्प बसले.

गाडी घोड्यांवर, पुढच्या चाकांना ओंडके. सगळ्यात आधी भरायचा प्लग उघडायचा, सोडायचा नंतर. हा क्रम कधीच उलटा करू नका. खालचा प्लग उघडून सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा गंजलेला प्लग हललाच नाही तर गाडी जागेवर उभी, ऑइल भरणार कुठनं? तर मी भरायचा प्लग सैल केला, आणि अर्धा आटा राहिला असतानाच 'फुस्स' आवाज झाला. चांगला दोन सेकंद. दाजी अर्ध्या तासापूर्वीच जांबोटीहून आले होते, हाउसिंग गरम होतं. हाउसिंगमधे हवा कोंडलेली असायचं काही कारणच नाही, तिथं ब्रीदर असतो.

ब्रीदर म्हणजे हाउसिंगच्या नळीवर वरच्या बाजूला असलेलं एक बोटाच्या पेराएवढं पितळी टोपण. त्याची टोपी सैल असते, हलवली तर खुळखुळायला पाहिजे, फुंकर आरपार जायला पाहिजे. आमच्या जीपला ते टोपण दिसतच नव्हतं. लाल चिखलाचा एक गोळा होता फक्त, वीट भाजावी तसा कडक. आमच्याकडची जांभ्याची माती ओली असताना लोण्यासारखी आत जाते आणि सुकली की सिमेंट. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून काढला गोळा, टोपण खोललं, आतलं भोक पण ठार बुजलेलं. किती वर्षं बुजलेलं होतं देव जाणे.

आता हिशोब बघा, कारण हा हिशोब कळला की सगळं प्रकरण सुटतं. गाडी सुरू केली तेव्हा हाउसिंगमधली हवा समजा २५ अंश. घाट चढून-उतरून आली की ८५ अंश सहज होते. डबा बंद असेल तर हवेचा दाब एक पंचमांश वाढतो, म्हणजे अडीच-तीन पीएसआय. टायरच्या मानानं काहीच नाही, पण ही असली ओठवाली सिलं दाब अडवायला बनवलेलीच नसतात, ओठ आणि शाफ्टमधली ऑइलची पातळ फिल्म धरून ठेवायला बनवलेली असतात. तीन पीएसआय रोज दोनदा ओठावर बसला की ओठ झिजतो, ऑइल बाहेर. नवीन घाला, ओरिजनल घाला, सोन्याचं घाला.

आणि हे झालं अर्धंच. गाडी गरम असताना ओढ्यात गेली की थंड पाण्यानं हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते, आता आत ओढ लागते. ब्रीदर बंद, मग हवा कुठनं घेणार? त्याच सिलातनं. आणि त्या वेळी सील पाण्यात बुडालेलं. म्हणजे गाडी जाताना ऑइल थुंकते आणि ओढ्यात उतरून पाणी पिते. मी बोट घातलं भरायच्या भोकात, ऑइलची पातळी भोकाच्या काठाला लागायला पाहिजे, तशी ती होती, उलट थोडी बाहेरच आली. गळत असून लेव्हल फुल! बोट बाहेर काढलं तर दुधाळ कॉफीच्या रंगाचं. दाजी म्हणाले, "बघ, ऑइल भरपूर आहे की!" ऑइल नव्हतं ते, ओढा होता.

एवढं कळल्यावर पुढचं काम मी एकट्यानं करणार नव्हतो. खानापूरला एक जुने मिस्त्री आहेत, सत्तरीला आलेले, आता रोज काम करत नाहीत. त्यांना हात जोडून घेऊन आलो. त्यांनी खाली बघायच्या आधी विचारलं, "आवाज कधीपासून?" म्हटलं पहिलं सील बदलल्यापासून. मान हलवली. "गन मारली असेल."

झालं होतं ते असं. पिनियनचं सील बदलायचं म्हणजे आधी शाफ्ट सोडायचा, मग फ्लँज धरून ठेवणारा मधला मोठा नट खोलायचा. हा नट साधा नट नसतो. पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मधे बऱ्याच गाड्यांत एक पातळ पत्र्याची नळी असते, नट आवळला की ती ठराविक मापापर्यंत चेपते आणि त्यानं बेअरिंगवरचा ताण ठरतो. (काही गाड्यांत नळीऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) असतात, तिथं ही भानगड नाही.) नळी एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही. त्यामुळं नट खोलायच्या आधी सेंटर पंचनं नटावर, पिनियनच्या टोकावर आणि फ्लँजवर एका रेषेत खूण करायची, बाहेर आटे किती दिसतात ते मोजून लिहून ठेवायचं, आणि बसवताना त्याच खुणेला आणायचं, अगदी किंचित पुढं. पहिल्या पोरानं खूण बिण काही केली नसणार, हवेच्या गननं टर्रर्र करून आवळला आणि मोकळा झाला. बेअरिंग आवळून बसलं, तापलं, गायला लागलं. शाफ्टला पण खूण नव्हती. तो पण ज्या जागी होता त्याच जागी परत बसवायचा असतो, नाहीतर बॅलन्स बिघडून थरथर येऊ शकते.

सोमवारी काम धरलं, मी सुट्टी टाकली. ऑइल सोडलं, गाडी थोडी फिरवून कोमट करून, म्हणजे तळाचा गाळ पण येतो. दोन लिटरच्या वर निघालं, त्यातलं पाणी किती आणि ऑइल किती ते बादलीत रात्रभर ठेवल्यावर दिसलं, तळाला चार बोटं पाणी. खालच्या प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा लोण्यासारखा लेप होता, बोटानं चोळला तर टोचत नव्हता. तेवढा लेप चालतो, ती गिअरची नेहमीची झीज. खवले किंवा दाताचा तुकडा सापडला असता तर हाउसिंग पूर्ण उघडावंच लागलं असतं आणि खर्चाला एक शून्य वाढलं असतं. मिस्त्रींनी चुंबक उन्हाकडं धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, वाचलात.

मागचे ड्रम काढले आणि तिथं खरा धक्का. डाव्या चाकातले ब्रेक शू चकाकत होते. डाव्या हाफ शाफ्टचं सील पण त्याच दाबानं झिरपायला लागलं होतं आणि ऑइल लायनरवर, म्हणजे शूच्या ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर. अंगणातला डाग सगळ्यांनी बघितला, हा कुणाला दिसणार? आणि याच गाडीनं दाजी पंधरा दिवसांपूर्वी चोर्ला घाट उतरून साखळीला जाऊन आले होते, गाडीत ताई आणि दोन्ही पोरं. दाजींना विचारलं ब्रेक मारल्यावर गाडी ओढत होती का एका बाजूला. म्हणाले, "उजवीकडं थोडी जात होती, मला वाटलं अलाइनमेंट." त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही. पिनियनचं गळणं हे पैशाचं दुखणं आहे. हाफ शाफ्टचं गळणं वेगळं, त्यात ब्रेकच जातो. पिनियन गळतंय म्हटल्यावर ड्रम उघडून बघायचंच, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. ऑइल प्यालेले शू पेट्रोलनं धुऊन, पेपर मारून परत घालणारे लोक आहेत, लायनर ऑइल आत शोषून घेतं आणि तापलं की परत बाहेर सोडतं, म्हणून ते बदलायचेच, आणि दोन्ही चाकांचे मिळून बदलायचे, एकाच बाजूचे नाही.

पिनियनचा फ्लँज काढल्यावर माझं काम आलं. सिलाचा ओठ जिथं घासतो तिथं नख फिरवलं, नख अडकलं. म्हणजे चर पडलेली. नवीन सिलाचा ओठ बरोबर त्याच चरीत बसणार असेल तर ते दोन महिन्यांत परत गळणार. यावर तीन उपाय. नवीन फ्लँज, जो मिळायला आठवडा. पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची, जी त्या मापात मिळाली नाही. किंवा सील दीड मिलिमीटर कमी ठोकायचं, म्हणजे ओठ चरीच्या शेजारी कोऱ्या जागेवर बसतो. आम्ही तिसरा धरला, फ्लँज मी संध्याकाळी उद्यमबागला आणून लेथवर बारीक एमरीनं पॉलिश केला. पॉलिशच, कट नाही मारला. कट मारला की व्यास कमी होतो आणि मग ओठाची पकड जाते. पॉलिश करताना एमरी एका दिशेनं सरकवत न्यायची नाही, जागेवरच धरायची, नाहीतर बारीक स्क्रूसारख्या रेघा पडतात आणि फिरताना त्याच रेघा ऑइलला पंपासारख्या बाहेर आणतात. हे गॅरेजवाल्याला माहीत असेलच असं नाही पण लेथवाल्याला माहीत असायला पाहिजे.

पुढचं बेअरिंग नवीन, चेपायची नळी नवीन, नट नवीन. सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडं. ओठाला ग्रीस लावायचं, कोरडा ओठ पहिल्या दोन मिनिटांत जळतो. हातोडीनं एका कडेला मारत बसायचं नाही, सिलाच्या मापाची जाड पाइप किंवा जुनं बेअरिंग वर ठेवून सरळ ठोकायचं, तिरकं गेलं तर आतली बारीक स्प्रिंग उडते आणि बाहेरनं ते दिसत पण नाही.

मग मिस्त्रींनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. हाफ शाफ्ट दोन्हीकडनं बाहेर ओढून ठेवलेले होते म्हणजे चाकांचा आणि ब्रेकचा अडथळा मधे येत नाही. फ्लँजला सुतळी गुंडाळली, सुतळीच्या टोकाला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला. नट थोडा आवळायचा, काटा ओढायचा, फ्लँज सारखा फिरत असताना काटा किती दाखवतो ते बघायचं. फ्लँजच्या मध्यापासून सुतळीचं अंतर ५ सेंटिमीटर धरा आणि काटा २ किलो दाखवत असेल तर ५ गुणिले २, म्हणजे १० किलो-सेंटिमीटर. आपल्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि नवीन बेअरिंगला वेगळा, जुन्याला वेगळा. आवळताना शेवटी शेवटी अगदी थोडं थोडं आवळायचं, कारण आकड्याच्या पुढं गेलं की मागं येता येत नाही, नट सैल करून आकडा जुळवला तर तो खोटा आकडा असतो, नळी तर चेपून गेलेली. हे एवढं करायला मिस्त्रींना पाऊण तास लागला. गननं चार सेकंद लागतात.

मागचं कव्हर थोडं पाझरत होतं म्हणून ते पण काढलं. जुना सिलिकॉन पूर्ण खरवडून, दोन्ही बाजू पेट्रोलनं पुसून, नवीन सिलिकॉनची बारीक अखंड रेघ, प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. आमच्याकडं सिलिकॉन म्हणजे लग्नातलं तूप, जितकं वाढाल तितकं कमी. जास्तीचं आत गळून पडतं आणि ऑइलमधे फिरत बसतं. बोल्ट समोरासमोरचे आवळत गेलो आणि ऑइल दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं, सिलिकॉन वाळेपर्यंत थांबलो.

ऑइल जीएल-५ ग्रेडचं, ८०डब्ल्यू-९०, पुस्तकात होतं तेच. दुकानदार जीएल-४ देत होता, गिअरबॉक्सला तेच चालतं म्हणाला. गिअरबॉक्सला चालत असेल, पण इथले क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, त्यांना तो जास्त गंधकाचा मसाला लागतोच. आणि उलट, जिथं जीएल-४ सांगितलंय त्या गिअरबॉक्समधे चांगलं म्हणून जीएल-५ घालायचं नाही, आतल्या पितळी रिंगा तो मसाला खाऊ शकतो. आधी एक लिटर भरून गाडी घोड्यांवरच, पहिल्या गिअरला, पाच-सात मिनिटं फिरवली आणि ते सोडून दिलं, दुधाळ अंश धुऊन जावा म्हणून. मग पूर्ण, भोकाच्या काठापर्यंत. दाजींना त्या एक लिटरचं वाईट वाटलं. जुनं ऑइल दाजी ओढ्याकडं ओतायला निघाले होते, ताईनंच अडवलं. कॅनमधे भरून मी उद्यमबागला आणलं, आमच्याकडं जुनं ऑइल नेणारा येतो त्याला दिलं.

ब्रीदरचा मात्र कायमचा बंदोबस्त केला. टोपणाच्या जागी एक बार्ब (नळी निसटू नये म्हणून खाचा) असलेलं निपल मी लेथवर करून आणलं, त्याला ऑइल चालणारी रबरी नळी, क्लिप मारून, नळी चेसीवरनं वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. म्हणजे आता डिफरन्शियल खांद्याएवढ्या उंचीवरनं श्वास घेतं, तिथपर्यंत ओढा आला तर जीप काय, दाजीच वाहून जातील. नळी बांधताना मागचा अॅक्सल वर-खाली होतो तेवढी ढील ठेवायची, ताणून बांधली तर पहिल्या खड्ड्यात सुटणार आणि खड्ड्यांची आपल्याकडं कमतरता नाही.

खर्च: बेअरिंग, नळी, नट, पिनियनचं सील, दोन्ही हाफ शाफ्टची सिलं, ब्रेक शू, ऑइल, मिस्त्रींची मजुरी, सगळं मिळून सहा हजार चारशे. ब्रीदरचं निपल, नळी आणि फिल्टर त्यातले दोनशे चाळीस. आधीच्या दोन गॅरेजना दिलेले दोन हजार पन्नास वेगळे. ब्रीदर दोन वर्षांपूर्वी कुणी पिन घालून साफ केला असता तर यातलं बरंचसं लागलं नसतं, हे मी दाजींसमोर एकदाच बोललो.

पावडर या वेळी मारली. वीस किलोमीटर जाऊन आलो, कोरडं. हाउसिंगला हात लावून बघितला, गरम पण हात ठेवता येत होता. गरम असतानाच भरायचा प्लग सैल केला, फुस्स नाही. मग रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा. सप्टेंबर पूर्ण गेला, गणपती झाले, दसरा झाला, चोर्ला घाट दोनदा उतरून चढून झाला, पुठ्ठा कोरडा. दिवाळीत गेलो तेव्हा त्या पुठ्ठ्यावर दाजींचं कुत्रं झोपलं होतं.

आवाज मात्र पूर्ण गेलेला नाही. पूर्वीचा 'हूं' गेला, पण पंचावन्न-साठच्या मधे पाय अर्धा काढला की बारीक शिट्टीसारखं काहीतरी येतं. मिस्त्री म्हणतात आवळलेल्या बेअरिंगवर आणि पाणी मिसळलेल्या ऑइलवर दोन महिने चालवलीत, क्राऊनच्या दातांनी थोडं मनावर घेतलंय, खालचा प्लग उघडून चुंबक बघत जा, लेप करडा आहे तोवर चालवा. दाजी अजून म्हणतात टायर. मेमधे काजू संपले की कव्हर उघडून दातांवर शाई लावून बघायचं ठरलंय, तोपर्यंत रेडिओचा आवाज थोडा मोठा ठेवलाय.